अडतीस रेघा

आमच्या लेथच्या क्रॉस स्लाइडला ३८ रेघांचा प्ले होता. लेथवर जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, गोल फिरतो आणि त्याला कापणारं टूल आत-बाहेर सरकवते ती क्रॉस स्लाइड. हँडल एका दिशेनं फिरवून मग उलट घेतलं की पहिल्या ३८ रेघा ते नुसतंच फिरायचं, टूल जागचं हलायचं नाही. हँडलभोवतीच्या डायलवर रेघा एकूण १००, म्हणजे फेरीचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग फुकट. मला हा बिघाड कधी वाटलाच नाही. जुन्या घरात एखादं दार जरा उचलून धरल्याशिवाय लागत नाही. घरच्यांच्या हाताला ते ठाऊक असतं, सांगावं लागतं ते पाहुण्याला. तसंच हे. बाबांनी डायलच्या कड्यावर ३८ व्या रेघेपाशी लाल ऑइलपेंटचा ठिपका देऊन ठेवला होता. "टूल उलट घेताना ठिपक्यापर्यंतचं सोडून द्यायचं. तिथून पुढं मोजायचं." एवढंच शिकवलं, आणि तेवढं पुरायचं.

गाळा डिचोलीत, साखळीच्या रस्त्याला. १९८३ साली बाबांनी हा लेथ बेळगावहून आणला, तोही जुनाच, अनमोड घाटातून ट्रकवर ताडपत्री बांधून. बटाल्याचा, सहा फुटी, पट्ट्यावर चालणारा. बाबांना सगळे मेस्त म्हणत. मी उच्च माध्यमिकला गणित शिकवतो, म्हणून मी सर. मेस्त गेल्यावर गाळ्याला कुलूप लागेल असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं; मी शनिवारी दुपारी आणि रविवारी तो उघडतो. येणारा माणूस हातातली मोडकी पिन पुढं करतो आणि जरा संकोचून विचारतो, "सर, हें जातलें?" म्हणजे, होईल ना हे? मेस्तांना असं कुणी विचारत नसे. पिन बाकावर टाकून माणूस चहाला निघून जायचा.

गेल्या दिवाळीनंतर एका रविवारी एक जाड रॉड कापत होतो. पार्टिंग टूल अर्ध्यावर गेलं आणि अचानक स्वतःहून आत ओढलं गेलं. स्लाइड सैल असली की असं होतं. कट घेणारं टूल जॉबच्या ओढीनं पुढं सरकतं आणि त्याला मागं धरून ठेवायला नटाचे दात जागेवर नसतात. टूल मोडलं, तुकडा कानाजवळून गेला. मी मशीन बंद करून बाहेर पायरीवर जाऊन बसलो. इतकी वर्षं मी ज्याला सवय म्हणत होतो ते झिजलेलं लोखंड होतं, हे कळायला तो तुकडा कानाजवळून जावा लागला.

रचना साधी असते. हँडलच्या मागे लांब स्क्रू, तो जागच्या जागी फिरतो. स्लाइडच्या पोटाला खालून गनमेटलचा नट. स्क्रू फिरला की नट सरकतो, नटाबरोबर स्लाइड, स्लाइडबरोबर टूल. आटे डावे, कारण उजवे असते तर हँडल घड्याळाच्या काट्यांसारखं फिरवल्यावर टूल जॉबकडे जायचं सोडून आपल्या पोटाकडे आलं असतं. आमचा स्क्रू पाच सुताचा, म्हणजे ५/८ इंच, आणि इंचाला १० आटे. एका फेरीला टूल इंचाचा दहावा भाग सरकतं, म्हणून डायलवरची एक रेघ म्हणजे एक थाऊ, इंचाचा हजारावा भाग. ३८ थाऊ म्हणजे जवळजवळ एक मिलिमीटर. लेथच्या कामात एक मिलिमीटर म्हणजे म्हैस हरवण्यासारखं आहे.

इंचांचं हे प्रकरण बाबांना आवडायचं नाही. ते पोर्तुगीज राज्यात शाळेत गेले, तिथं मीटर शिकले. पोर्तुगालनं मेट्रिक मापं १८५२ सालीच स्वीकारली होती. १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि इकडची यंत्रं आली ती इंच घेऊन. खरं तर भारतातही मेट्रिकचा कायदा १९५६ ला झाला होता, पण ते बटाल्याच्या लेथला कोण सांगणार? मग बाबा बोलायचे सुतात, वहीत लिहायचे मिलिमीटर, आणि मधला हिशोब डोक्यात. लीडस्क्रू म्हणजे आटे पाडताना टूलला जॉबच्या लांबीनं ओढत नेणारा लांब स्क्रू. तो इंचाचा असताना मिलिमीटरचे आटे पाडायचे तर १२७ दातांचा गिअर लागतो, कारण २५.४ ला ५ नं गुणलं की १२७ येतात आणि १२७ मूळ संख्या आहे, तिला फोडता येत नाही. दरवर्षी अकरावीच्या वर्गात मूळ संख्यांचा उपयोग काय असं कुणीतरी विचारतंच. मी तो गिअर एकदा वर्गात नेला होता. पोरांनी हातांना ग्रीस लावून घेतलं, बाकी काही घेतलं की नाही माहीत नाही.

नट विकत मिळतो का, बघितलं. मिळतो, पण स्क्रूसकट सेट, आणि आमच्या मशीनला बसेल याची हमी कुणी देईना. भाच्यानं डेलरिनचा सुचवला. प्लॅस्टिकचा ठोकळा तापवून स्क्रूभोवती दाबायचा, आटे आपोआप उठतात. युक्ती खोटी नाही, छोट्या लेथवर लोक सर्रास करतात. मला गनमेटलचाच हवा होता. हट्ट म्हणा.

गनमेटल म्हणजे तांबं, कथील आणि थोडं जस्त. जुन्या प्रमाणात ८८, १० आणि २. मऊ धातूचा नट आणि पोलादाचा स्क्रू अशी जोडी लावतात ती मुद्दाम. झिजायचं तर नटानं झिजावं, तो छोटा आणि स्वस्त, स्क्रू वाचावा. पण या हिशोबात धूळ धरलेली नसते. धुळीचे टणक कण मऊ धातूत रुतून बसतात, मग तो नट पॉलिश पेपरसारखा होतो आणि पोलाद खायला लागतो. आणि आमच्याकडची धूळ कसली? डिचोलीत खाणी चालू असताना जगलेल्या माणसाला विचारा. दारावर, केळीच्या पानांवर, दोरीवर वाळत घातलेल्या धोतरांवर ती लाल पूड बसलेली असायची. हेमेटाइटची, म्हणजे लोखंडाच्या खनिजाची पूड. याच लाल आयर्न ऑक्साइडनं भिंगं आणि सोनं घासून चकचकीत करतात. आमचा गाळा त्या रस्त्याला लागून, दार दिवसभर उघडं, आणि स्क्रूवर कायम तेल. पंचवीस-तीस वर्षं पॉलिशच चालू होतं म्हणायचं.

बाबांच्या फळीवर मालवाहू बार्जचे झिजलेले बुश, म्हणजे फिरत्या दांड्याभोवती बसणाऱ्या धातूच्या नळ्या, पडले होते. ते पोत्यात घालून चोर्ला घाटानं बेळगावला गेलो. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीवाल्यानं ते वितळवून विटेएवढा ठोकळा ओतून दिला. ठोकळ्याला आधी वरचा गोल खुंट काढला, जो स्लाइडच्या भोकात बसतो. मग तो स्लाइडला खालून लावला आणि पुढच्या बेअरिंगच्या भोकातून पंच घालून स्क्रूचा मध्य नटावर उमटवून घेतला. इथं मोजून खूण करायला जाऊ नये. भोकालाच विचारावं, मध्य कुठं. अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली तरी स्क्रू वाकडा होऊन अडकतो.

मग चार जबड्यांच्या चकात ठोकळा धरला, डायल गेज लावून मध्यावर आणला. त्यात एक संध्याकाळ गेली. भोक पाडलं, बोअरिंग करून अर्ध्या इंचाहून किंचित मोठं केलं. आत आटे पाडायचे तर टूलचा दांडा ८ मिलिमीटरचा, बोटाएवढा लांब, आणि टोकाला मोहरीच्या दाण्याएवढी धार. तीही २९ अंशांच्या कोनात घासलेली, कारण आटे ॲक्मे जातीचे. लीडस्क्रू इंचाला ४ आट्यांचा, आपल्याला हवेत १०, म्हणून २० आणि ५० दातांचे गिअर, मध्ये आयडलर, म्हणजे नुसता जोडणारा गिअर, आणि डाव्या आट्यांसाठी आणखी एक.

मोटारीवर करायची हिंमत झाली नाही. पट्टा काढला आणि स्पिंडलच्या मागच्या तोंडात हँडल बसवून चक हातानं फिरवला. डावा आटा आतून बाहेर पाडतात. टूल नटाच्या पलीकडे नेऊन ठेवायचं, दोन थाऊ बाहेर ओढायचं, आणि फिरवायला लागायचं. १४ फेऱ्यांनी टूल अलीकडे निघतं. मग ते आत ढकलून आट्यातून सोडवायचं, १४ फेऱ्या उलट, परत बाहेर ओढायचं. ओढताना पहिल्या ३८ रेघा सोडायच्या, कारण काम अजून जुन्या नटावरच चाललेलं. नवा नट होईपर्यंत दर कटाला जुन्याचा खोटेपणा वजा करत बसलो. असे २५ कट. २५ गुणिले २८, म्हणजे ७०० फेऱ्या. गनमेटलचा कीस स्प्रिंगसारखा निघत नाही. बारीक पिवळी भुकटी पडते, रव्यासारखी. शेवटी शेवटी डोळे मिटून नुसत्या आवाजावर फिरवत होतो. दात नीट कापला जात असला की एक कोरडा, सलग खर्र असा आवाज येतो. तो तुटला की थांबायचं.

शेवटचे दहा थाऊ टॅपनं, म्हणजे भोकात फिरवून आटे कापणाऱ्या हत्यारानं. असा टॅप बाजारात मिळत नाही, म्हणून तोही घरीच केला. सिल्व्हर स्टीलच्या रॉडवर तेच डावे आटे, स्क्रूच्या हँडलकडच्या टोकाच्या मापानं पाडले, पुढं निमुळता घासला, कानशीनं चार खाचा काढल्या. नारळाच्या करवंट्यांच्या कोळशावर तापवला. लोहचुंबक चिकटायचं थांबलं की आणखी थोडा वेळ ठेवून पाण्यात बुडवायचा, मग परत हलका तापवून सुक्या गवताचा पिवळा रंग चढला की सोडून द्यायचा. बायकोनं खिडकीतून विचारलं, आज काय भाजताय? काजूच्या दिवसांत असतो तसा घमघमाट तिला अपेक्षित असावा. टॅप दोन्ही हातांनी, पाव-पाव फेरी करत आत घातला. दुसऱ्या टोकानं बाहेर आला तेव्हा आतली भिंत पाण्यासारखी चमकत होती.

जुना नट काढून व्हाइसमध्ये धरला आणि हॅक्सॉनं उभा चिरला. इतक्या वर्षांत त्याचं पोट कुणी बघितलं नव्हतं. ॲक्मेच्या दाताचा माथा सपाट असतो, खुंटीसारखा. इथं सगळे माथे जाऊन नुसत्या धारा उरल्या होत्या, माशाच्या कल्ल्यांसारख्या एकावर एक कललेल्या. नखानं दाबल्यावर एक वाकली. अशा बारा धारांवर बाबांनी शेवटची वर्षं काढली, आणि त्यांचे जॉब एक-दोन थाऊच्या आत असायचे. खाचेत लाल गाळ घट्ट बसला होता. काडीनं खरवडून घेतला, बोटांवर कुंकवासारखा लागला.

नवा नट बसवून हँडल फिरवलं. स्लाइड मागं, हँडलकडे असताना छान घट्ट, लोण्यातून सुरी जावी तसं. पुढं गेलो आणि पुन्हा सैल. आधी वाटलं, मध्य चुकला. खुंटाचा बोल्ट ढिला करून नट आपला आपण बसू दिला, परत कसला. फरक नाही. मग स्लाइडला डायल गेज लावून अर्ध्या-अर्ध्या इंचावर प्ले मोजत गेलो. हँडलच्या टोकाला ४. मग ५, ९, १४, १६, १५, पुढं पुन्हा उतरत १० आणि ७. वहीत आलेख काढला तर सुबक टेकडी. नट निर्दोष होता. स्क्रूच मध्ये झिजला होता. ३८ मधले २२ जुन्या नटाचे, १२ स्क्रूचे, ४ मोकळीक हवीच म्हणून.

हेन्री मॉड्स्ले या इंग्रज कारागिराची एक गोष्ट मी वर्गात सांगतो. अचूक स्क्रू करायचा तर आधी अचूक स्क्रू हवा, ही कोंडी त्यानं कशी फोडली? त्याच्या एका गाजलेल्या स्क्रूला इंचाला ५० आटे होते आणि त्यावर १२ इंच लांब, ६०० आट्यांचा नट. एवढा लांब नट स्क्रूच्या सगळ्या चुकांची सरासरी काढतो. आमचा नट सव्वा इंची, त्यामुळं टेकडीसुद्धा पसरट झाली असणार, शिखर नेमकं कुठं हे थोडं धूसर. तरीही पट्टी लावून बघितलं. प्ले १६ होतो तिथं स्लाइड थांबवली आणि मध्यापासून टूलचं टोक किती दूर आहे ते मोजलं. पाच सूत. दुप्पट केलं की जॉबचा व्यास, दहा सूत, सव्वा इंच.

मी तसाच उभा राहिलो. सव्वा इंचाचं काय?

बाबांच्या गोष्टी बार्जच्या असायच्या. मांडवीचं तोंड पावसाळ्यात वाळूच्या दांड्यानं धोक्याचं होतं, म्हणून बार्ज कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत उतरायच्या आणि मुरगावला जायच्या. अशात एका बार्जचा स्टर्न ट्यूबचा, म्हणजे पंख्याच्या दांड्याभोवतीचा, बुश रात्रीत हवा होता, मग चार इंची बुश या लहान लेथवर कसा धरला, पट्टा कसा घसरत होता, पहाटे जीपमधून तो आमोण्याच्या धक्क्यावर कसा नेला. ही गोष्ट मी पन्नासदा ऐकली असेन. आम्ही घरात त्यांना बार्जवाले मेस्त म्हणूनच ओळखायचो. चार इंची कामात टूल मध्यापासून दोन इंच लांब असतं, नट हँडलच्या बाजूला. आणि त्या बाजूला स्क्रू जवळजवळ कोरा होता.

सव्वा इंच म्हणजे टिपरच्या, खनिज वाहणाऱ्या ट्रकच्या, स्प्रिंगच्या पाट्यांची शॅकल पिन. बुश बसला की त्याच्या मापाला घासून द्यायची, दहा मिनिटांचं काम. टिपर रस्त्याच्या कडेला लागलेले, ड्रायव्हर घाईत, कारण ट्रिपवर पैसे. दिवसाला पंधरा, वीस. याची गोष्ट त्यांनी कधी सांगितली नाही. सांगण्यासारखं त्यात काय असणार? २०१२ च्या सप्टेंबरात सरकारनं खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयानं. नंतर सुरू झाल्या, २०१८ च्या निवाड्यात ८८ लीज रद्द होऊन मार्चमध्ये पुन्हा थांबल्या. टिपर अंगणांत उभे राहिले, त्यांच्यावर वेली चढल्या. हाताखालचे पोरगे गेले, मी शाळेत शिकवून आल्यावर गाळ्यात यायला लागलो तो तेव्हा. म्हणजे बाबांचं जे रोजचं काम होतं ते मी बघितलंच नाही. फक्त त्याची गोष्ट ऐकली, तीही दुसऱ्याच कामाची.

डायल काढलंच होतं म्हणून रॉकेलमध्ये बुडवून घासलं. काळा थर सुटला तसे लाल ठिपक्याखेरीज आणखी ठिपके दिसायला लागले. मला ते कायम रंगाचे उडालेले शिंतोडे वाटायचे. ९ व्या रेघेपाशी पांढरा. १५ पाशी पिवळा. २४ पाशी हिरवा. ३८ चा लाल. प्ले वाढत गेला तसे हाताशी जो रंग होता त्याचा ठिपका ते पुढं सरकवत गेले होते. पिवळा मी ओळखला. आमच्या फाटकाचा. मी दहावीत असताना पाठीमागची खोली बांधली, तेव्हा फाटक रंगवलं होतं, आणि उरलेला डबा कित्येक दिवस गाळ्यात होता.

एप्रिलमध्ये काजू पिळायच्या प्रेसचा बुश घेऊन एकजण आला. भट्टी लागलेली, बोंडूंचा ढीग पडून, त्याला थांबायला वेळ नव्हता. मी नव्या गनमेटलचा बुश धरला, बाहेरून घेतला, मग आतून बोअरिंग. शेवटचा कट पाच थाऊचा. टूल उलट घेतलं, लाल ठिपक्यापर्यंत सोडलं, पुढं पाच मोजले आणि फीड दिला. कीस जाड पडायला लागला तेव्हाच कळलं. मापायच्या आधीच हिशोब झाला होता. ४३ मधून १६ वजा, २७. व्यासावर ५४, हवे होते १०. बुश ४४ थाऊनं मोठा, म्हणजे गेला. पिन त्यात खडखडली. समोरचा माणूस चक्क हसला आणि बाकावर बसून त्यानं चहा मागवला.

दुसरा केला, पैसे एकाचेच घेतले.

नव्या स्क्रूसाठी ईएन-८ पोलादाचा रॉड आणून ठेवलाय, तेल लावून जुन्या पेपरात गुंडाळून, दाराच्या मागे. एवढा लांब आणि बारीक रॉड मध्ये वाकतो, त्याला आधार देणारा फॉलो रेस्ट आधी करायला हवा. पाऊस ओसरला की बघू. तोवर १६ साठी ठिपका द्यावा म्हणून त्या दिवशी संध्याकाळी ब्रश आणि रंगाचा डबा घेऊन लेथपाशी गेलो. चष्मा लावून डायलवर वाकलो. १६ च्या शेजारीच फाटकाचा पिवळा होता. एका थाऊसाठी कशाला म्हणून डब्याचं झाकण परत लावलं.